माझ्या गोष्टीतली म्हातारी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण नळाला पाणी नव्हतं. नव्या कचेरीत कारकुनी करायला मी रोज सकाळच्या एसटीनं औशाहून जायचो. शेजारी हमखास एकच माणूस बसायचा. कपाळाला विभूती, मांडीवर फिरकीच्या झाकणाचा तांब्या. किराणा दुकानदार असावा. फिरकी उघडून तो आजूबाजूच्या सगळ्यांना घोटभर पाणी द्यायचा. मला सोडून.

कारण काय, तर दिवाळी अंकातली माझी गोष्ट. तिच्यातला ‘मी’ म्हाताऱ्या आईला कोरड्या गावात टाकून शहरात निघून जातो. ‘तिच्या डोळ्यांची विहीर आटली,’ असंही मी लिहिलं होतं. हा पठ्ठ्या नेमकं तेच वाचून बसलेला.

“डोळ्याची हीर आटली म्हनं! आन् तुमी निवांत गाडीत बसून चाललाव.”

“अहो, तो मी म्हणजे मी नव्हे. पात्र आहे ते.”

“मंग ‘मी’ कशाला लिव्हलं?”

रोज हेच. डोकं उठायचं. शेवटी एकदा मी गाडीतच ओरडलो, “माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली हो! ती म्हातारी कुठंच नाही. मनानं रचलीय मी!”

सगळी गाडी वळून बघायला लागली. लातूरचं स्टँड आलं तशी त्यानं फिरकी काढली आणि पहिल्यांदाच तांब्या माझ्यापुढे धरला. सुटलो एकदाचा, म्हणून मी घटाघटा प्यायलो.

तांब्या परत घेताना त्यानं हळूच विचारलं, “मंग त्या म्हातारीला आता पानी कोन देतंय?”