नर्सबाईंची कळलावी

डोणगावातल्या निम्म्या माणसांनी जगातला पहिला श्वास आमच्या शेजारच्या नर्सबाईंनी दटावल्यावरच घेतला, हे मी छातीठोकपणे सांगते. दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बसस्टँडवर एखादा पोट सुटलेला, मिशीवाला गृहस्थ दिसला की त्या अजून थांबवून विचारायच्या, "काऊन रे, तूच उलटा आलता ना?" आणि तो बिचारा मान खाली घालून "हाव बाई" म्हणायचा.

बाळंतपणं संपली तेव्हा त्यांनी कळलावी धरली. माळावरच्या काटेरी झुडपांत पावसाळ्यात चढणारी, ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या फुलांची ही रानवेल. ती दारात असली की घरात भांडणं लागतात अशी समजूत, म्हणून माझ्या सासूबाई त्या अंगणाकडे बघतही नसत. नर्सबाई उसळायच्या. "भांडनाची कळ नाई वं, पोटातली कळ! अडलेल्या बाईच्या पोटाले जुन्या बाया हिचा कंद लावत. म्या नाई लावू देला कोनाले, जहर हाय ते. पन फुलानं काय केलं कोनाचं?"

त्यांच्या प्रत्येक कुंडीवर चिकटपट्टी, पट्टीवर नंबर आणि लावल्याची तारीख. कुंडीला नुसतं बोट लागलं तरी साबणानं दोनदा हात धुवायचे. हिवाळ्यात वेल वाळून जाई आणि उन्हाळाभर कुंड्यांत वर फक्त कोरडी माती, कंद खाली. त्या कुंड्यांजवळून बाई हलक्या पावलांनी जात आणि फाटकाशी ओरडणाऱ्या भाजीवालीला दटावत, "हळू बोल. झोपल्या हायेत."

एका वैशाखात त्या पंधरा दिवसांसाठी लेकीकडे नांदुऱ्याला गेल्या. फाटकाची किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "कुंड्याले पानी देऊ नको. एक थेंब नाई. त्यांले बिनपान्याचीच सवय हाय."

मी हो म्हटलं. तीन दिवस पाळलंही. चौथ्या दिवशी दुपारी भेगाळलेली माती पाहून मला राहवेना. एक तांब्या ओतला. मग रोज एकेक, अगदी मायेनं.

नर्सबाई परतल्या, पहिल्याच कुंडीत त्यांनी बोट खुपसलं आणि तसंच ठेवलं. मग खुरपं आणलं. नांगराच्या फाळासारखे वळलेले ते कंद उकडलेल्या रताळ्यासारखे मऊ होऊन कुजले होते. सगळेच्या सगळे. भिंतीपलीकडून सासूबाई म्हणाल्या, "आता होते पाह्य भांडन!"

"किती दिवस देलं?" बाईंनी विचारलं.

"रोज."

"काऊन?"

"बाई, दया आली हो." मला रडूच फुटलं.

त्यांनी कुजलेले कंद खुरप्यानं एका बाजूला सारले. मग म्हणाल्या, "जाय, हात धुवून ये."

मी आले तेव्हा त्यांच्या हातात इंजेक्शनचा जुना डबा होता. आत सुरकुतलेल्या लाल बिया. "बियापासून फुलाले तीन-चार वर्सं लागतात. मले काई एवढा धीर नाई आता. तू पेर."

सासूबाईंनी आमच्या अंगणात जागा दिली, पण नाव घ्यायचं नाही या अटीवर. त्यामुळे आम्ही नुसतं "ती" म्हणत असू. पहिल्या वर्षी गवतासारखं एकच पान आलं आणि खाली वालाएवढा कंद. दुसऱ्या वर्षी नर्सबाईंचे गुडघे पार गेले आणि लेक त्यांना कायमचं नांदुऱ्याला घेऊन गेली. तिथून दर उन्हाळ्यात फोन यायचा, "पानी?" मी म्हणायची, "नाही दिलं बाई." एवढ्यावर फोन बंद.

यंदा श्रावणात तिला कळी आली. आधी हिरवी, मग पिवळी, मग कडेनं लाल. उमललेली पहिल्यांदा सासूबाईंनी पाहिली आणि मला इतक्या हळू हाक मारली की मी घाबरून धावत आले. व्हिडिओ कॉल लावून मी फोन फुलासमोर धरला. पलीकडे नर्सबाईंचा चष्मा स्क्रीनला जवळजवळ टेकला होता.

"तोडू नको," त्या म्हणाल्या. "बी धरू दे."

"हो बाई."

आणखी काही सूचना येतील म्हणून मी थांबले. पण त्यांनी फोन बंद न करताच बाजूला ठेवला असावा. समोर नुसतं नांदुऱ्याच्या घराचं छत आणि फिरणारा पंखा दिसत होता. त्या लेकीला सांगत होत्या, "माह्या शेजारची हाय थे. लय जीव लावते."

फुलाबद्दल की माझ्याबद्दल, ते काही मला कळलं नाही. मीही फोन बंद केला नाही. बराच वेळ तो पंखाच बघत उभी राहिले.