दोन दवाखाने आणि एक दाढ

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणत. मालकसुद्धा. पन्नाशीला टेकलेली प्रोग्रामर तिथे एकच होती, त्यामुळे दुसरं काही म्हणायचा प्रश्नच आला नाही. दातांच्या दवाखान्यांना लागणारा प्रोग्राम काकू सांभाळत: पेशंटच्या वेळा, एक्स-रे, आठवणीचे मेसेज. प्रत्येक दवाखान्याला त्याची वेगळी प्रत दिलेली. एके ठिकाणी चूक दुरुस्त केली की तीच दुरुस्ती घेऊन दारोदार हिंडायचं. शेवटी काकूंचं डोकं उठलं. सगळ्यांना मिळून एकच वेबसाइट करू, आत प्रत्येकाचा कप्पा वेगळा ठेवू, असं त्यांनी मालकांना सांगितलं.

मालकांनी मान डोलावली, पण दवाखान्यांना यातलं काही सांगू नका म्हणाले. काकूंनी सांगितलं. बहुतेकांनी नीट ऐकलंही नाही. चौकातल्या डॉक्टरांनी मात्र ऐकलं, कारण पुलाकडचे डॉक्टरही त्याच वेबसाइटवर येणार होते आणि कॉलेजात असल्यापासून या दोघांमधून विस्तव जात नव्हता.

"माझे पेशंट त्याला दिसणार नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"कधीच," काकू म्हणाल्या. म्हणताना त्यांना काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

वेबसाइट सुरू झाली. त्याच आठवड्यात चौकातल्या डॉक्टरांच्या सासूबाईंना मेसेज आला, उद्या दाढ दाखवायला या. खाली नाव पुलाकडच्या डॉक्टरांचं. जावयांनीच कुणा तज्ज्ञाकडे धाडलं असेल असं समजून त्या बस पकडून गेल्या. तिथे त्यांची नोंद नव्हती. पण दाढ होती. पुलाकडच्या डॉक्टरांनी ती तपासली, जावयांनी बसवलेली कॅप नीट बसलेली नाही म्हणाले, आणि तिथल्या तिथे बसवून दिली. संध्याकाळी सासूबाईंनी फोन करून जावयांचे मनापासून आभार मानले.

मग जावयांनी मालकांना फोन केला. तो शेजारच्या खोलीतही ऐकू आला.

काकूंनी प्रोग्राम उघडला. मेसेज पाठवणारा भाग एकेक दवाखाना घेत पुढे जायचा, आणि पुढचा घेताना पहिल्या मेसेजपुरतं आधीच्याचं नाव तसंच राहायचं. इतर दवाखान्यांचाही एकेक मेसेज चुकला होता, पण ते पेशंट मुळात कुणाच्याच दवाखान्यात गेले नव्हते. तो भाग काकूंनी स्वतः लिहिला होता. दोष सर्व्हरवर ढकलून देऊ, असं मालकांनी सुचवलं. सर्व्हर काही उलटून बोलत नाही. काकू म्हणाल्या, मी जाऊन येते.

चौकातल्या दवाखान्यात दुसरी खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून डॉक्टरांनी त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं. अर्धवट आडव्या पडून, तोंडावर दिवा घेऊन काकू म्हणाल्या, "चूक माझी आहे. 'कधीच' असं म्हणायला नको होतं."

डॉक्टरांनी दिवा बाजूला सारला. मग म्हणाले, "ती कॅप नीटच बसली होती."

"हो," काकू म्हणाल्या.

परत येऊन त्यांनी प्रोग्राम पायापासून उकरला. कुठल्या दवाखान्याचं काम आहे हे सांगितल्याशिवाय तो आता कुणालाच काही देईना. डॉक्टरांना नाही, मालकांना नाही, खुद्द काकूंनाही नाही. नवी गिऱ्हाइकं ताटकळली आहेत, अशी मालकांनी कुरकुर केली. काकूंनी ताटकळू दिली. दोन खोटे दवाखाने उघडून त्या रोज एकातून दुसऱ्यात घुसायचा प्रयत्न करत. कुठूनच घुसता येईना, तेव्हा कुठे त्यांना जेवण गोड लागलं.

चौकातले डॉक्टर वेबसाइटवर टिकले. सासूबाई मात्र पुलाकडेच जात राहिल्या. एक दिवस त्यांनीच ऑफिसात फोन केला. जुने एक्स-रे जावयांच्या कप्प्यातून पुलाकडच्या कप्प्यात हलवायचे होते, गुपचूप.

"तसं होत नाही, मावशी," काकू म्हणाल्या. "जावयांनाच पाठवावे लागतील."

"म्हणजे त्यांना सांगावं लागेल."

"हो."

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "मी नवीन काढून घेते."

काकूंना फार समाधान वाटलं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.