वाचनालयातलं जातं

सरांचं संग्रहालय आमच्या वाचनालयात विलीन करायचं असं समितीनं ठरवलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. पनवेलच्या त्या वाचनालयात मी ग्रंथपाल. पुस्तकांनाच जागा पुरत नव्हती, त्यात आता नांगर, मिठागरातली फावडी, शेर-पायल्या आणि एक भलंमोठं दगडी जातं! सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. गावोगाव पायपीट करून त्यांनी ही माया जमवली होती. ती ठेवलेली तळ्याकाठची खोली नव्या इमारतीसाठी पाडायला काढली, म्हणून ही वरात आमच्या दारी आली.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "इथे याची अडगळ होणार, बघा तुम्ही."

झालंही तसंच. वाचक नांगराला छत्र्या अडकवत आणि जात्यावर पेपर पसरून वाचत. सरांनी वळणदार अक्षरात 'हात लावू नये' अशा पाट्या रंगवून आणल्या. मग तिकडे कोणी फिरकेचना. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "आज कोणी बघायला आलं होतं?" मी नाही म्हणायचे. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटायचं.

लग्नसराईत कळंबोलीहून एक बाई आल्या. "ताई, पोरीची हलद हाय. आमी गावचा घर मोडून बिल्डिंगीत आलो, जातं तिकडंच गेलं. मिक्सरमधली हलद लावायची का नवरीला? तुमी पुस्तकं घरी देता ना, मंग जातं पन द्या."

सर तिथेच होते. ते ताडकन उठले. "संग्रहालयातली वस्तू बाहेर जात नसते!"

"मंग ठेवलंय कशाला?" बाईंनी अगदी साधेपणानं विचारलं.

मला हसू आवरेना. "सर, संग्रहालयातली जात नसेल, वाचनालयातली जाते," मी म्हटलं.

सरांनी जात्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "मी बरोबर येणार. टवका उडाला तर?"

टेम्पोतून जातं गेलं आणि त्याला धरून सर.

दुसऱ्या दिवशी दोघंही परत आले. जात्याच्या खुंट्याला आंब्याची डहाळी बांधलेली, दगडावरच्या टाकीच्या खाचांत हळद भरलेली. सरांचे कान, मान, पांढरा सदरा, सगळं पिवळं.

"नको म्हणत होतो, पण ऐकतात कुठे त्या बायका! ओव्या म्हणत दळत होत्या." मग एकदम आवाज हलका करून म्हणाले, "जातं फिरलं हो."

मी ओलं फडकं घेऊन जातं पुसायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या." आणि जात्यावरची पाटी स्वतःच काढून पिशवीत टाकली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी आले. बघायला कोणी आलं का, हे त्यांनी विचारलंच नाही.

"जातं कोणी मागितलं का?"

नेरे गावची एक बाई विचारून गेली होती. तसं सांगितलं, तर सर टेम्पोवाल्याला गाठायला निघालेसुद्धा.