बेरजेच्या चिन्हानं जोडलेलं नाव

मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहायचो, तिच्यात दोन शब्द जोडायला बेरजेचंच चिन्ह वापरतात. जोडणीसाठी वेगळं चिन्ह आणावं का, यावर त्या दिवसांत प्रोग्रामर मंडळी इंटरनेटवर वाद घालत होती. जळगावातल्या माझ्या खोलीतून मीही तावातावानं लिहिलं होतं, बेरीज पुरेशी आहे, उगाच नवं काही नको.

त्याच हिवाळ्यात धरणगावकडच्या एका जिनिंग कारखान्यासाठी मी छोटा प्रोग्राम केला. कापूस घेऊन आलेल्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जोडायचं आणि भोंग्यातून संगणकाच्या आवाजात पुकारायचं. पहिल्या दिवशी मी स्वतः वजनकाट्यापाशी बसलो. दुपारी एक नाव पुकारलं गेलं. कुणी पुढे आलं नाही. फक्त रांगेतले एक म्हातारे ट्रॅक्टरला धरून उभे राहिले.

"नाना, तुमचं नाव का?" मी विचारलं.

"मनं नही. मना धाकला भाऊनं नाव शे ते."

"मग ते कुठे आहेत?"

नाना भोंग्याकडे बघत राहिले. काट्यावरचा माणूस माझ्या कानाशी आला. "तो लहानपणीच विहिरीत बुडाला."

मी घाईघाईनं नोंद उघडली. नानांच्या पहिल्या नावाचा रकाना भरायचा राहिला होता. बेरजेच्या चिन्हानं ती रिकामी जागाही मुकाट्यानं जोडून घेतली होती. म्हणजे नुसतं वडिलांचं नाव आणि आडनाव ऐकू यायला हवं होतं. स्क्रीनवरही तेवढंच होतं. पण त्या भावाचं पहिलं नाव मी ऐकलं होतं, काट्यावरच्यानंही ऐकलं होतं. दिवसाची सगळी यादी चाळली. त्या नावाचं कुणीच नव्हतं.

"आखो एकदाव बलाव ना, भाऊ," नाना म्हणाले.

मी तीच ओळ पुन्हा चालवली. या वेळी दोनच शब्द आले, आणि त्यांच्या आधी श्वास घेण्याएवढी शांतता. त्या शांततेला नानांनी "ओ" दिली.

मी रकाना भरला, त्यांचा कापूस मोजला गेला, ते निघून गेले. घरी येऊन मी माझं मत बदलल्याचं लिहिलं. जोडणीला वेगळं चिन्ह हवं, रिकामं काही आलं तर अडून बसणारं. कुणीतरी कारण विचारलं. खरं सांगायचा धीर झाला नाही.

नवं चिन्ह काही आलं नाही. मग माझ्या प्रोग्रामात मीच तशी तपासणी घातली. मागच्या आठवड्यात जिनिंगमधून फोन आला. प्रोग्राम सकाळपासून तीनदा अडला होता, आणि यादीत एकही रकाना रिकामा नव्हता.