नळ पाहायला गेलेली बस

साताऱ्याहून सकाळी सातला बस सुटली तेव्हा आत आम्ही बावीस अधिकारी होतो, सगळे नोकरीत चांगले मुरलेले. पाण्याचा कारभार आणि धोरण-संशोधन असं प्रशिक्षण चाललं होतं. तीन दिवस पडद्यावरचे आलेख पाहून झाल्यावर आज गावभेट होती. प्रशिक्षिका दातारमॅडमनी सांगलीच्या पूर्वेकडचं एक ‘आदर्श नळगाव’ निवडलं होतं. नाव माझ्या ओळखीचं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिथली पाणीयोजना पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मीच सही केली होती. गाव न पाहता. मार्चअखेर होती आणि टेबलावर फायलींचा ढीग होता, एवढंच.

कडेगावपर्यंत दोन्ही अंगांना ऊस होता. विटा मागे पडलं आणि हिरवा रंग संपला. मग नुसता माळ, बाभळी आणि मेंढरं.

बस वेशीत शिरताच देवळाच्या चौथऱ्यावरून एकाने शिट्टी फुंकली. घराघरांतून बायका घागरी, हंडे, कॅन घेऊन धावत सुटल्या. स्वागत असेल म्हणून आमच्यातल्या एकाने हात जोडले. बायका त्याला वळसा घालून नळाकडे गेल्या आणि रांग लागली.

नळाला ताजा निळा रंग होता. भोवती रांगोळी.

“आधी नाश्ता घ्या साहेब,” ग्रामसेवकाने घाईघाईने आम्हाला शाळेत नेलं. भाकरी, खर्डा आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, गरम लापशी). माडगं झकास होतं. शाळेमागे मात्र भाड्याच्या टँकरचं इंजिन घरघरत होतं आणि त्याचा पाइप वर टाकीत गेला होता. बावीसही जण पाणीखात्यातले. काय चाललंय ते सगळ्यांना कळलं. बावीसही जण वाटीत बघत राहिले.

नळ सोडला. टाळ्या झाल्या. प्रश्नावली घेऊन मी रांगेतल्या एका म्हाताऱ्या धनगरणीजवळ गेलो. तानूबाई तिचं नाव.

“आजी, पाणी कधी येतं?”

“तुमच्यावानी सायेब आलं की येतं.”

“आणि एरवी?”

“एरवी कशाला येतंय? बघाय कोण हाय?” तिने रांगेकडे पाहिलं. “आवं, लगीच जाऊ नका. फोटू सावकाश काढा. तुमी हाय तवर (तोपर्यंत) चालतोय त्यो.”

मी हे दातारमॅडमना सांगितलं. त्या रांगेकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “पाहणी नीट झालेली नाही. पुन्हा मोजा.” दोन तास आम्ही एकच नळ मोजत होतो. एकाने तोटीचा व्यास सात वेळा घेतला. टँकर रिकामा झाला तेव्हाच टेप गुंडाळली.

निघताना तानूबाई म्हणाली, “कागदावर नळ हाय म्हून सरकारी टँकर न्हाई मिळत आमाला. त्ये कुनी लिवलंय कुनास ठावं.”

“मी,” मी म्हणालो.

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. “तुमी व्हय? मग पुसा की.”

परतीच्या बसमध्ये आमच्या गटाने निष्कर्ष लिहिला: अधिकाऱ्यांच्या भेटी वाढवल्यास पाणीपुरवठा सुधारतो. आकडेवारीत खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी सादरीकरणात मी तो वाचला आणि दाखला खोटा असल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी मान खाली घातली.

दाखला रद्द करायला कोरड्या नळाचा फोटो लागतो. कळवून गेलं तर नळाला पाणी येणार. म्हणून एका रविवारी न कळवता एसटीने गेलो. वेशीत उतरलो, शिट्टी वाजली नाही. तानूबाईने तोटी पिळून दाखवली, आतून एक मुंगळा बाहेर आला. तोही फोटोत आलाय.

पुढच्या महिन्यात गाव आदर्श गावांच्या यादीतून निघालं आणि सरकारी टँकर सुरू झाला. मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली: स्थळपाहणी न करता दाखला का दिलात? इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझा खुलासा एका ओळीत संपला.