गिरजाची अर्धी गोष्ट

नागपूरच्या बागेत सकाळी म्हातारी माणसं गोल करून उभी राहिली आणि एकानं टाळी वाजवताच सगळी एकदम खदाखदा हसू लागली. त्या गोलात पुष्पाबाईही होती. ती गावाहून मुलाकडे आली होती आणि सून अंजू तिला बागेत घेऊन आली होती. सासूचं मन रमावं, एवढाच तिचा हेतू. बाकीच्यांनी हात वर करून हसायला सुरुवात केली, तशी पुष्पाबाईनं मागं वळून पाहिलं. मग कडेच्या मेंदीच्या कुंपणाकडे पाहिलं. हसण्याचा दुसरा लोंढा उठला आणि ती पायातल्या चपला तिथंच सोडून फाटकाकडे पळाली.

"माताजी, खुश रहने का!" मागून कुणीतरी ओरडलं.

संध्याकाळी मुलगा हिमांशु तिच्याजवळ येऊन बसला. "आई, गिरजाकाकी जाऊन दोन वर्षं झाली. आता तरी थोडं खुश राहत जा ना."

"खुशी काय असते ते मले मालूम हाय, बेटा," ती म्हणाली. "मी तिच्यातच होती, तवाच वाघ आला."

हिमांशुला वाटलं, आई भलतंच बोलते. कारण वाघ आला त्या सकाळची ती एक गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितलीच नव्हती.

पुष्पाबाई सडक अर्जुनीकडच्या एका गावची. तलावाच्या पाळीखाली तिचं घर, आणि कुडाला कूड लागून गिरजाचं. पुष्पाबाईचा नवरा सुकराम तापानं गेला, त्या हिवाळ्यात तिनं अंथरूणच धरलं. भात ताटात वाळायचा. गिरजा रोज यायची. समजूत घालणं तिला जमत नसे. ती नुसत्या गोष्टी सांगायची. दरेकसाच्या माहेरच्या, तिथल्या डोंगरांच्या, बोगद्यातून निघणाऱ्या गाडीच्या आणि तिच्या इरसाल आज्याच्या. चैतात मोहफुलं गळू लागली तशी तिनं पुष्पाबाईला हाताला धरून उठवलं आणि जंगलात नेलं.

नुकतं उजाडलं होतं. झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा पडलेला. दोघी वाकून वेचत होत्या आणि गिरजाचं तोंड चालू होतं. आज्याला गाडीनं बकरी न्यायची होती. गाडीत बकरी घेतो कोण? मग त्यानं तिला आजीचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर दिला आणि खिडकीशी बसवलं. आमगावला टीसी चढला. विचारतो, "अम्मा को क्या हुआ?" आजा म्हणे, "बीमार हाय साहेब, बोलू नका तिच्यासंग." तेवढ्यात अम्मा पदराआडून बेंऽऽ करून ओरडली.

पुष्पाबाई हसू लागली. सुकराम गेल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून, डोळे मिटून, गालांवर पाणी येईस्तोवर हसली.

"मंग?" तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"मंग टीसी काय म्हनला, मालूम हाय?"

त्यापुढे काही आलं नाही. किंकाळी नाही, डरकाळी नाही. पुष्पाबाईनं डोळे उघडले तेव्हा गिरजाची टोपली आडवी झाली होती आणि जिथं गिरजा होती तिथं गिरजा नव्हती. पलीकडच्या झुडपाची एक फांदी तेवढी हलत होती.

गावानं विचारलं, जंगलखात्याच्या माणसांनी विचारलं. "मले वाघ दिसलाच नाई," एवढंच ती सांगत राहिली. बाई भेदरली, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं. का दिसला नाही, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर भर दुपारी तांदूळ निवडताना, पाण्याचा गुंड भरताना, कुडापलीकडून आवाज यायचा. "मालूम हाय?" ती मान वर करायची. वाळत घातलेलं लुगडं असायचं, कोंबड्या असायच्या. वाक्य तेवढंच यायचं, पुढं सरकायचं नाही. पुष्पाबाईला वाटू लागलं, ती गोष्ट पुरी झाल्याशिवाय गिरजाची सुटका नाही आणि आपलीही नाही.

नागपूरहून परतल्यावर ती थेट गिरजाच्या नवऱ्याकडे, चुन्नीलालकडे गेली. तो पाळीवर बसून मासळीचं जाळं सांधत होता.

"भाऊ, त्या बकरीच्या गोष्टीत टीसी काय म्हनला?"

चुन्नीलालनं जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. "तिच्या माहेरच्या गोष्टी मले काय मालूम वो बाई? तिच्या बहिनीले विचार, सुशीलाबाईले."

एसटीनं गोंदिया, तिथून पॅसेंजर. दरेकसाचं स्टेशन एवढंसं, जंगल अगदी जवळ आलेलं. फलाटावर उतरल्यावर ती झाडीकडे पाठ न करता चालली. गिरजाची थोरली बहीण सुशीलाबाई ओसरीत चिंचा फोडत बसली होती. तिच्यापुढे पुष्पाबाईनं सगळं सांगितलं. हसण्याचं, मिटलेल्या डोळ्यांचंही.

सुशीलाबाईनं हातातली चिंच खाली ठेवली.

"कोनता आजा? आमचा आजा तं गिरजाच्या जन्माआधीच मेला. अन् आमच्या घरी बकरी कधी नव्हतीच."

"मंग ते सारं?"

"तिच्या मनचं. लहानपनापासून तसंच करे. कोनी रडून राहिलं का त्याच्याजवळ जाऊन बसे अन् काईबी जोडत जाय. पुढं काय होनार ते तिलेबी मालूम नसे. समोरच्याच्या तोंडाकडं पाहत राहे. तो हसला का तिथून धागा धरे."

पुष्पाबाई म्हणाली, "मंजे ती झाडीकडं पाहून नव्हती राहिली. माह्याकडं पाहून राहिली होती."

"हो," सुशीलाबाई म्हणाली. "अन् तू हसून राहिली होतीस. तिनं शेवटचं तेच पाह्यलं."

ते ऐकून जीव निवला की आणखी जळला, हे पुष्पाबाईला आजही सांगता येत नाही. आवाज काही थांबला नाही. फक्त आता ती मान वर करत नाही. हातातलं काम न सोडता म्हणते, "मलेबी नाई मालूम वो."

यंदा चैतात गिरजाची सून दुर्गेश्वरी दाराशी आली. "काकी, आमी साऱ्या जनी मिळून जाऊन राहिलो. येता का?"

पुष्पाबाई काठी घेऊन निघाली. मोहाखाली बाया वाकल्या. ती वाकली नाही. बुंध्याला पाठ लावून झाडीकडे पाहत उभी राहिली. कुणीतरी काही थट्टा केली, बायांना हसू फुटलं आणि तिच्याकडे पाहून त्यांनी ते दाबलं.

"हसा ना वो," ती म्हणाली. "मी पाहून राहिली."

थोड्या वेळानं दुर्गेश्वरीनं हळूच विचारलं, "असं उभं राहून तुमाले बरं वाटते का, काकी?"

पुष्पाबाईनं झाडीवरची नजर काढली नाही. "बरं-बिरं काई नाई. पन इथून हलावंसं नाई वाटत."

ऊन वर आलं. बायांनी शिदोऱ्या सोडल्या, तिनं उभ्यानंच चार घास खाल्ले. निघताना सगळ्यांनी ओंजळ-ओंजळ फुलं तिच्या फडक्यात टाकली. तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि सर्वांत शेवटी, मागं बघत बघत, पायवाटेला लागली.