इडलीच्या हिशेबातला पगार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगते — ओळखीच्या माणसापुढे असलं बोलायला जीभ रेटत नाही. तशी गोष्ट हसण्यासारखी आहे. मीही हसले होते. पण घोळ तिथेच आहे.

मी साताऱ्याची. नवऱ्याला चेन्नईजवळ ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि घराजवळच्या छोट्या शाळेत बालवर्गाची मिस झाले. तमिळ मला तीन-तीन वर्षांच्या पोरांनी शिकवलं. पहिले सहा महिने ‘सू आली’, ‘ह्याने मारलं’ आणि ‘अम्मा कधी येणार’ एवढंच येत होतं, आणि खरं सांगू? त्या नोकरीत तेवढं पुरतं.

शेजारचा वर्ग पद्मा अक्कांचा. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या, कैक पिढ्या इकडेच. त्यांचं मराठी माझ्या पणजीपेक्षा जुनं, त्यात तमिळची फोडणी. आणि शिकवणं? नवीन मूल रडायला लागलं की अक्का आईची ओढणी मागून घ्यायच्या, पोराच्या खांद्यावरून बांधायच्या आणि दुपारी आईला परत द्यायच्या. तिसऱ्या दिवशी पोर स्वतःच ओढणी फेकून खेळायला पळे. मी वही भरून बालवाडीचा कोर्स केला होता, पण हे त्यात नव्हतं.

त्या अक्कांचा पगार कित्येक वर्षांत वाढलेला नव्हता. त्यांच्या दिराने ओरगडमच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या गोदामात काम बघून ठेवलं होतं. तिथे पैसे जास्त. अक्कांना जायचं नव्हतं. पण घर चालवायचं होतं — पगार वाढला तर राहणार, नाही तर जूनपासून गोदाम.

आमच्या करस्पाँडंट मॅडम — इकडे शाळेच्या मालकांना असं म्हणतात — त्यांना परदेशाचं भारी वेड. खुर्च्या परदेशी पद्धतीच्या, खेळणी परदेशी पद्धतीची, फक्त पगार तेवढा गावठी. मग अक्कांनी आणि मी ठरवलं, पगारही परदेशाशी ताडून दाखवू. माझ्या कोर्सच्या तिघी मैत्रिणी बाहेर होत्या ना, स्मिता जर्मनीत, बाकी दोघी दुबईत आणि न्यूझीलंडला. तिघीही लहान मुलांनाच शिकवतात. मी ग्रुपवर विचारलं. तिघींनी आडपडदा न ठेवता आकडे सांगितले, वर रडगाणंही गायलं, घरभाडं गेलं की हातात काय उरतं म्हणून.

आणि मग स्मिताने विचारलं, ‘तुझा किती गं?’

आता बघा — कोर्सला पहिली मी आले होते. स्मिता माझ्या वह्या उतरवून पास झाली. तिला खरा आकडा सांगायचा? मी सांगितला, पण तिप्पट करून. क्षणभरही थांबले नाही. मला वाटलं, चार जणींच्या ग्रुपातली थाप, कुणाचं काय जातंय?

स्मिताला तक्त्यांची हौस. नुसते रुपये मांडले तर फसगत होते, म्हणून तिने महिन्याच्या पगारात तिथला किती वेळचा नाश्ता येतो ते मोजलं. जर्मनीला पाव-लोणी, आपल्याकडे इडली. चेन्नईची ओळही घातली, माझ्या आकड्याची. मी तो तक्ता धड न बघताच अक्कांना पुढे पाठवला.

मॅडमनी पगारावर सगळ्या मिसची मीटिंग ठेवली होती, त्या सकाळी अक्का तो तक्ता रंगीत छापून घेऊन आल्या. चेन्नईच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, आपल्याच गावात कोण एवढा पगार देतं? तेव्हा बोलायला हवं होतं. मी काय म्हणाले? समुद्राकडची कुठलीशी मोठी शाळा आहे म्हणे, स्मितालाच माहीत.

मॅडमनी कागद शांतपणे वाचला. मग विचारलं, ही शाळा कोणती? अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. अक्कांनी माझं नाव घेतलं नाही, ऐकलंय असं म्हणाल्या. मॅडम हसल्या. या भागातल्या सगळ्या शाळा त्यांच्या ओळखीच्या, एवढा पगार कुठेच नाही. आणि तुमच्याच कागदाप्रमाणे बघा, म्हणाल्या, जर्मनीच्या मिसपेक्षा चेन्नईची मिस जास्त खाते!

खरंच होतं ते. माझ्या थापेमुळे इडलीच्या हिशेबात चेन्नई जगात पहिली आली होती. सगळ्या मिस खो खो हसल्या. अक्का खाली मान घालून कागदाची घडी करत होत्या. आणि मी — मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने.

जे कुणाला सांगितलं नाही ते ती थाप नव्हे, हे हसणं. थाप क्षणात निघून जाते. पण मला हसताना अक्कांचे हात दिसत होते, आणि तरी मी हसत राहिले, कारण गप्प राहिले असते तर कुणाला तरी शंका आली असती.

संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत आम्ही बरोबर चाललो. मला वाटलं, आता विचारतील. अक्कांनी पिशवीतून मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, काढून अर्धा मला दिला आणि म्हणाल्या, “तुझी ती स्नेहीण चुकली असेल मा. तिला रागें भरूं नको.”

मी म्हणाले, “नाही भरणार.”

जूनमध्ये त्या गोदामात गेल्या. पगार चांगला आहे, मॅनेजर त्यांना घाबरतो, तरुण पोरं त्यांना मिस म्हणतात — हे त्या फोनवर हसत हसत सांगतात, मीही हसते, आमच्या गप्पा मजेत चालतात. बोलता बोलता त्या कधीतरी विचारतात, पोरं रडतात कां गं अजून? मी सांगते, रडतात.

स्मिता जर्मनीत बसली आहे. तिच्या न झालेल्या चुकीला माफी मिळालीय, हे तिला माहीत नाही. आणि अक्कांचा वर्ग त्याच जूनपासून माझ्याकडे आहे.